सांगलीतला साल्सा क्लास, तीन महिन्यांनंतर: स्टेप्स कुठेही शिकाल, पण रविवारचा ऐकण्याचा तास सोडू नका

बऱ्याच जणींनी विचारलंय म्हणून एकदाच नीट लिहिते. विश्रामबागच्या पुढे एका जुन्या मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर साल्सा नाचाचा क्लास भरतो, मंगळवार गुरुवार संध्याकाळी सात ते साडेआठ, महिन्याला अठराशे रुपये, आणि रविवारी सकाळी दहा वाजता फक्त ऐकायचा तास असतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नाव आणि नंबर इथे टाकत नाही, शिकवणाऱ्या सर-मॅडमनीच नको सांगितलंय, हॉल लहान आहे आणि बॅच आधीच फुल्ल आहे. विश्रामबागमध्ये कुणालाही विचारा, सापडतो.

याआधी दुसऱ्या एका शहरात मी एक महिना असाच क्लास केला होता, त्याबद्दल आधी सांगते कारण तिथूनच माझ्या डोक्यात हा किडा शिरला. तिथे पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं की साल्सा मुळात आपलाच, राजस्थानातून जिप्सी लोक निघाले, त्यांनी स्पेनमध्ये फ्लेमेंको, म्हणजे तिथलं गिटारवरचं गाणं-नाच, केला आणि फ्लेमेंकोचा पुढे साल्सा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. लहानपणी सहा वर्षं कथक केलंय त्यामुळे मला तर भरूनच आलं, की म्हणजे माझा तत्कार, कथकचं पायांचं काम, क्यूबापर्यंत गेला! घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं, सोसायटीत सांगितलं. इथे सांगलीत आल्यावर पहिल्या रविवारी मी हेच सरांना मोठ्या हौसेनं बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "ताई, यातलं थोडं खरं आहे, थोडं उलटं आहे आणि मधला सगळ्यात महत्त्वाचा माणूसच गाळलाय. चार रविवार या, मग सांगा." मी अकरा रविवार गेले.

आधी नाचाचं सांगते, ते लवकर संपेल. सर मूळचे तबल्याचे, मिरजेतले. मॅडम नाच शिकवतात. पद्धत साधी, एक-दोन-तीन पावलं, चारला थांबा, पाच-सहा-सात, आठला थांबा. पहिले तीन आठवडे जोडीदारच नाही, आरशासमोर एकेकट्यानं. मला हे आवडलं, कारण हात धरायच्या आधी पाय पक्का झाला. पुरुष कमी, बायका जास्त, त्यामुळे बायकांनीही लीड, म्हणजे जोडीत पुढाकार घेऊन दुसऱ्याला नाचवणं, शिकायचं असा नियमच आहे आणि कुणी नाक मुरडत नाही. माझ्या बॅचला एक काकू होत्या, त्यांच्या घरचा हळदीचा व्यापार, वय साठच्या पुढे, पहिल्या दिवशी म्हणाल्या "मला जमंल तेवढं करते, चालतंय की" आणि तिसऱ्या महिन्यात त्या आमच्यात सगळ्यात सुंदर टर्न घ्यायला लागल्या.

वाईट काय तर फरशी. शहाबादी आहे, रबरी तळाचे बूट घालून गिरकी घेतली की पाय अडकतो आणि गुडघा फिरतो, माझा दुसऱ्या आठवड्यात दुखावला. चांभाराकडून जुन्या सँडलला चामड्याचा तळ मारून घेतला, मग त्रास गेला. ही सूचना पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती, मी मॅडमना तसं सांगितलं, आता त्या देतात म्हणे. दुसरं, स्पीकर एकच आणि तो खरखरतो, बास म्हणजे खालचे जाड सूर तर ऐकूच येत नाहीत, आणि साल्सात बास ऐकू येत नसेल तर अर्धी मजा जाते कारण बासवाला ठोक्याच्या आधीच उडी मारून पुढच्या सुरावर जाऊन बसतो, ते ऐकलं नाही तर अंग हलत नाही. पंखे दोन. मार्चपासून घाम. बाकी तक्रार नाही.

आता मुद्द्याचं. सरांनी क्लावे शिकवली ती मी जन्मात विसरणार नाही. क्लावे म्हणजे दोन लाकडी दांडके एकमेकांवर आपटून वाजवायचा पाच ठोक्यांचा नमुना, सगळा साल्सा त्यावर उभा असतो, वाजो किंवा न वाजो. सर म्हणाले तीनताल सगळ्यांना येतो का, निम्म्या लोकांना येत होता, सांगली-मिरजेत असणारच. मग त्यांनी बोटावर सोळा मात्रा धरायला लावल्या आणि म्हणाले पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. बस्स. धा धिं धिं धा म्हणत म्हणत त्या पाच टाळ्या दिल्या की अंगावर काटा येतो, कारण पहिली आणि तेरावी तीनतालाच्या ठरलेल्या टाळीवरच पडतात आणि मधल्या तीन अशा तिरक्या जातात की डोकं एकीकडे आणि हात दुसरीकडे. नाचाचा एक आकडा म्हणजे यातल्या दोन मात्रा. म्हणजे आपण चारला थांबतो ना, नेमकी तिथेच सातवी मात्रा, तिथेच क्लावे वाजते! तीन महिने मी त्या थांबण्याला विश्रांती समजत होते. ती विश्रांती नाहीये, तिथे आपला पाय गप्प बसतो आणि लाकूड बोलतं. हे कळल्यावर माझा नाच बदलला, शपथ.

आणि हा नमुना आला कुठून तर आफ्रिकेतून. हाच तो गाळलेला माणूस. क्यूबात ऊस तोडायला गुलाम म्हणून आणलेले लाखो आफ्रिकन लोक, त्यांचे ढोल, त्यांची एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं ही गायची रीत. सर यावर फार ठाम होते, म्हणाले साल्साचा कणा हा आहे, बाकी सगळं त्याच्यावर चढलेलं मांस. क्यूबाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी सोन नावाचा प्रकार तयार झाला, त्यात आफ्रिकन ठोका आणि स्पॅनिश तंतुवाद्य, स्पॅनिश कविता. 1940 च्या दशकात आर्सेनियो रोद्रिगेस नावाच्या आंधळ्या वादकानं त्यात पियानो, काँगा म्हणजे उंच ढोल आणि जास्तीचे ट्रम्पेट घालून तो भरभक्कम केला, तोच पुढे न्यूयॉर्कला पोर्तो रिकन आणि क्यूबन लोकांच्या हाती पडला, 1964 ला जॉनी पाचेको आणि जेरी मसुची यांनी फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि सत्तरच्या दशकात या सगळ्याला साल्सा नाव चिकटलं. मग यात फ्लेमेंको कुठे आणि रोमा लोक, ज्यांना आपण जिप्सी म्हणतो, ते कुठे? हाच रविवारचा विषय.

रोमा लोकांचं राजस्थानचं म्हणजे वायव्य भारताचं नातं मात्र खरं आहे, साधारण हजार वर्षांपूर्वी निघालेली माणसं. सरांनी फळ्यावर रोमानी भाषेतले आकडे लिहिले: एख, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव. आम्ही सगळे ओरडायलाच लागलो. मग पुढचे तीन लिहिले: एफ्ता, ओख्तो, एन्या. सगळे गप्प. ते ग्रीक आहेत! म्हणजे वाटेत ग्रीक बोलणाऱ्या मुलखात इतकी वर्षं राहिले की आकडेसुद्धा तिथले घेतले, आणि दहाला पुन्हा आपल्या दशसारखा 'देश'. पाण्याला पानी, नाकाला नाख, माणसाला मनुश, सुरीला चुरी. स्पेनमधल्या रोमांना खितानो म्हणतात आणि त्यांच्या बोलीचं नाव कालो, ते आपल्या काळा याच शब्दाच्या घराण्यातलं. हळदीवाल्या काकू म्हणाल्या, "म्हंजे आपलीच लेकरं की ओ." मला तेव्हा खरंच गलबलून आलं, कारण पुढे सरांनी सांगितलं की ही लेकरं स्पेनमध्ये 1425 च्या आसपास पोचली, आणि 1749 ला तिथल्या राजानं एका रात्रीत देशभर धाडी घालून हजारो खितानोंना पकडलं, पुरुष वेगळे, बायका-मुलं वेगळी. फ्लेमेंकोतल्या त्या किंकाळीसारख्या आलापाला मी आधी नाट्यमय समजायचे. आता ऐकताना तसं वाटत नाही.

जिप्सी हा शब्द त्यातल्या बऱ्याच लोकांना अपमानाचा वाटतो हेही तिथेच कळलं, आपल्याकडे तर आपण हॉटेलांना आणि गाड्यांना सर्रास देतो.

पण मग हे लोक क्यूबात गेले का? इथे माझी राजस्थान ते क्यूबा ही सरळ रेघ मोडली. कोलंबसच्या 1498 च्या सफरीत चार खितानो होते असं सांगतात, पण नंतर स्पेनच्या राजसत्तेनं त्यांना अमेरिकेत जायला बंदीच घातली. म्हणजे खितानोंचे तांडे जाऊन क्यूबात गाणं रुजवलं असं काही झालं नाही. शिवाय फ्लेमेंको हा कॅफेत पैसे देऊन ऐकायचा प्रकार म्हणून उभा राहिला तोच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, आणि सोन घडत होता तो थोडा नंतर. आजी-नात म्हणण्यापेक्षा मावसबहिणी म्हणा. दोघींच्या घरी जाणारी जहाजं मात्र एकच, स्पेनमधल्या कादिस आणि सेव्हिलपासून क्यूबातल्या हवानापर्यंत. शेतकरी, सैनिक, खलाशी, नाटकवाले, गिटारी सगळे त्याच बोटींनी. अंदालुसियातलं, म्हणजे स्पेनच्या दक्षिण भागातलं, गाणं त्यांच्याबरोबर गेलं, आणि त्या अंदालुसियाच्या गाण्यात खितानोंचा वाटा होता, अरबांचा होता, ज्यूंचा होता, आणि सेव्हिल-कादिसमध्ये राहणाऱ्या आफ्रिकनांचासुद्धा होता. कुणाचा किती हे चिमट्यानं वेगळं काढता येत नाही.

दुसरी रेघ उलटी आहे आणि मला तीच जास्त आवडली. क्यूबातून गाणी स्पेनला परत आली! फ्लेमेंकोतच त्यांचा एक वर्ग आहे, स्पॅनिशमध्ये त्याचं नाव जाऊन परत आलेली गाणी अशाच अर्थाचं आहे. ग्वाहिरा, रुम्बा (मूळचं ढोलांवरचं गाणं-नाच) वगैरे त्यातले. ग्वाहिरा म्हणजे क्यूबातल्या खेडुतांचं गाणं, खितानोंनी आणि बाकी अंदालुसियनांनी ते घेतलं आणि आपल्या बारा मात्रांत बसवलं. सरांनी ते बाराचं चक्र टाळीवर करून घेतलं: तीन तीन दोन दोन दोन. क्लावेचे ठोके एकमेकांपासून किती लांब ते मोजा: तीन तीन चार दोन चार. सुरुवात दोन्हीकडे तीन-तीन, मग चाल मोडते. आम्ही निम्मे इकडून निम्मे तिकडून वाजवलं आणि गोंधळ झाला, पण सुंदर गोंधळ झाला. सरांनी लगेच बजावलं की सारखं दिसतं म्हणून एकातून दुसरं निघालं असं म्हणू नका. मला हा माणूस याचसाठी आवडतो, टाळ्या मिळतील असं वाक्य समोर असताना तो ते बोलत नाही.

सुराचाही एक तास झाला, पेटीवर. फ्लेमेंकोची सगळ्यात ओळखीची उतरण म्हणजे म, कोमल ग, कोमल रे, सा. आपली भैरवीच! आणि शेवटच्या सा वर जो कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले सूर, देतात त्यात शुद्ध गंधार असतो, म्हणजे उतरताना कोमल आणि पोचल्यावर शुद्ध, ती जी हुरहूर लागते ती तिथून. बऱ्याच जुन्या क्यूबन सोन आणि बोलेरो (संथ प्रेमगीत) गाण्यांत ही उतरण सापडते, साल्सात मोंतुनो म्हणजे पियानोचं गोल गोल फिरणं सुरू झालं की कधीकधी त्याच चार सुरांवर. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ जिथे राहिले त्या मिरजेपासून दहा किलोमीटरवर बसून हे ऐकणं, मला वेगळंच वाटलं. एका मुलानं विचारलं की मग भैरवी इथून गेली ना, तर सर म्हणाले सूर असे पासपोर्ट घेऊन फिरत नाहीत रे, ही उतरण अरबांकडेही आहे, तुर्कांकडेही.

मग थेट प्रभाव काहीच नाही का? आहे, पण तो नंतरचा, विसाव्या शतकातला, आणि त्यात खितानो माणसं नावानिशी दिसतात. बार्सिलोनात 1950-60 च्या काळात खितानो पोरांनी क्यूबन रेकॉर्डी ऐकून रुम्बा कातालाना काढली, पेरेत हे त्यातलं मोठं नाव, गिटार छेडता छेडता तिच्याच अंगावर थाप मारायची, एकच माणूस तंतुवाद्य आणि ढोल दोन्ही. 1992 च्या ऑलिम्पिकच्या समारोपाला हाच पेरेत गायला होता. ज्यांना फक्त बाम्बोलेओ हे 1987 चं गाणं माहीत आहे त्यांच्यासाठी, ते गाणाऱ्या बँडची घराणी दक्षिण फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या अशाच खितानोंची, आणि त्या गाण्यात व्हेनेझुएलाच्या सिमोन दियासची चाल मिसळलेली आहे. आमच्या बॅचला सगळ्यांनी ते साल्सा म्हणून लावायची फर्माईश केली होती, मॅडमनी लावलं आणि म्हणाल्या नाचून बघा क्लावेवर, मग कळलं की हे साल्सा नाही, रुम्बा आहे, चुलत घरातलं.

आणि न्यूयॉर्ककडून साल्सावाला विली कोलोन. 1984 ला त्यानं खिताना नावाचं गाणं केलं, ते मूळ मान्सानिता नावाच्या स्पेनमधल्या खितानो गायक-गिटारवाल्याचं. साल्साच्या पार्ट्यांत ते आजही वाजतं आणि नाचणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते कुठून आलं हे ठाऊक नसतं, मला तरी नव्हतं. थेट प्रभाव दाखवा म्हणणाऱ्याला मी हे गाणं ऐकवते.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी सरांनी दिएगो एल सिगाला आणि बेबो वाल्देस यांचा 2003 चा अल्बम लावला. सिगाला माद्रिदचा खितानो, फ्लेमेंकोचा चिरलेला गळा. बेबो क्यूबाचा पियानोवाला, 1918 चा जन्म, 1960 ला देश सोडून पुढे स्टॉकहोममध्ये राहिलेला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी ऐंशी ओलांडलेली. काळी आसवं असं नाव असलेलं ते मातामोरोस नावाच्या संगीतकाराचं जुनं क्यूबन गाणं, पियानो शांतपणे आपल्या क्यूबन चालीत आणि वर हा माणूस सुराला ओरबाडतोय, ठोक्याच्या मागे रेंगाळतोय, आणि बेबो त्याची वाट बघतोय. आमच्यात कुणीही बोललं नाही. रविवारची सकाळ, खाली मंगल कार्यालयात कुणाचं तरी केळवण चाललेलं, भांड्यांचा आवाज, आणि वर हे. काकूंनी डोळे पुसले, त्यांना स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. याच सिगालानं 2016 ला आख्खा साल्साचाच अल्बम केला. तो मी घरी ऐकला, मला आधीचाच जास्त भिडला, नवा थोडा घाईत वाटतो.

मॅडमचा भाग इथे येतो. साल्साच्या स्टायलिंगमध्ये त्या बोटं फुलवत मनगट फिरवणं शिकवतात, फ्लेमेंकोचं. कथकवाल्यांना पटकन जमतं. पण त्या सारख्या सांगतात की हा अलंकार आहे, हौसेनं घाला, साल्सा त्याच्याशिवायही पूर्ण आहे. एक मात्र त्यांना सांगायचंय, इथे वाचत असतील तर: शेवटचे दोन आठवडे स्टायलिंगवर जरा जास्तच वेळ गेला, त्यापेक्षा जोडीचं काम अजून हवं होतं.

रविवारी सर काहोनवर बसून वाजवतात. लाकडी पेटी, तिच्यावरच बसायचं आणि समोरच्या फळीवर हातानं वाजवायचं. तबल्याचा हात त्यावर काय सुंदर चालतो! मला वाटायचं फ्लेमेंकोचं जुनं वाद्य. तर नाही, ते पेरूमधल्या आफ्रिकन गुलामांच्या वंशजांचं, पेरूनं 2001 ला ते राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलं, आणि फ्लेमेंकोत ते आलं 1977 च्या सुमारास, फ्लेमेंकोचा गिटारवाला पाको दे लुसिया पेरूला गेला होता तिथून घेऊन आला. पन्नास वर्षंही झाली नाहीत आणि आता त्याच्याशिवाय फ्लेमेंकोची मैफल डोळ्यांसमोर येत नाही. क्यूबातही जुन्या रुम्ब्यात मालाची खोकीच वाजवायचे. म्हणजे पुन्हा तोच गाळलेला माणूस, खोक्यावर बसलेला.

मी न राहवून एक ऑनलाइन मागवला, आतल्या तारा सैल, झर्र झर्र वाजायच्या. परत करायच्या ऐवजी मिरजेत सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ती बनवणारे ते हे लोक. तिथल्या चाचांनी आयुष्यात काहोन पाहिला नव्हता, फळीवर दोन टिचक्या मारल्या, कान लावला, म्हणाले "फळी बरी हाय, तार चुकीची बसवलीय", अर्ध्या तासात सतारीची जुनी तार कापून आत ताणून दिली आणि पैसे घेईनात. जबरदस्तीनं भडंगाचं पाकीट देऊन आले. आता तो असा काही वाजतो की सर पुढच्या रविवारी आणा म्हणालेत.

कुणी जावं? ज्यांना लग्नातल्या संगीतासाठी पंधरा दिवसांत डान्स बसवायचाय त्यांनी जाऊ नका, इथे चिडचिड होईल. ज्यांना ताल आवडतो, भजनात टाळ धरलाय, हलगी ऐकली की पाय हलतात, त्यांनी डोळे मिटून जा. वयाची अट नाही. नवीन बॅच गणपतीनंतर सुरू होतेय, चामड्याच्या तळाचे बूट आणि पाण्याची बाटली न्या, गाडी गल्लीत लावू नका, शेजारचे लोक हवा सोडतात. आणि रविवारी दहाच्या आधी पोचा, चटया मोजून बाराच आहेत.